पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) आणि झिंक ऑक्साइडच्या पातळ फिल्मची ताकद दर वेळी वेगळी का येते?

तुम्ही लिहिलंय की कृती तीच, पावडर तीच, तरी मार्चमधली फिल्म कडक होती आणि जुलैमधली रबरासारखी ताणली जाते. झिंक ऑक्साइड नीट मिसळलं नसेल, असं गाईडचं म्हणणं आहे. तुम्हीही कोल्हापूरचेच, हे वाचल्यावर मला आधी हवेचा संशय आला.

पावसाळ्यात आपल्याकडच्या गुळाला पाणी सुटतं ना, पीव्हीएचंही तसंच. त्याच्या लांब साखळीसारख्या रेणूंवरचे हायड्रॉक्सिल (ओएच) गट हवेतलं पाणी धरतात, ते पाणी साखळ्यांच्या मधे शिरून त्यांना सैल करतं. मग ताकद उतरते, लांबणं वाढतं. एमएस्सीला असताना माझे दोन महिने यातच गेले. दोष मी पावडरीत शोधत होतो आणि चाचणीसाठी फिल्ममधून कापलेल्या पट्ट्या मात्र उघड्या टेबलावर पडलेल्या असायच्या.

चाचणीआधी सगळ्या पट्ट्या एकाच हवेत मुरू द्या. नेहमीची अट २३ अंश सेल्सिअस, ५० टक्के आर्द्रता आणि किमान ४० तास अशी असते. त्यासाठीचं चेंबर नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात मॅग्नेशियम नायट्रेटच्या संपृक्त द्रावणाची वाटी ठेवा, तळाशी न विरघळलेले खडे दिसायला हवेत. २५ अंशांना आतली आर्द्रता ५३ टक्क्यांच्या आसपास टिकते. सिलिका जेलवरून काढलेली पट्टी थेट यूटीएमवर (पट्टी ताणून तिची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवू नका. ती ठिसूळ असते आणि जबड्यात बसवेपर्यंत पाणी ओढायला लागते.

मग जाडी. ५ टक्क्यांचं २० मिली द्रावण ९ सेंटीमीटरच्या पेट्री डिशमध्ये ओतलं की साधारण १२० मायक्रॉनची फिल्म मिळते, पण ओव्हनची जाळी कलती असेल तर एक कड जाड, दुसरी पातळ. १२० मायक्रॉनच्या पट्टीची जाडी १०० धरली, तर स्ट्रेस (छेदाच्या क्षेत्रफळावर येणारा ताण) २० टक्के जास्त दिसतो! म्हणून जाळीवर पाणसळ ठेवून बघा, प्रत्येक पट्टीची जाडी मायक्रोमीटरने चार-पाच ठिकाणी मोजा. कापायला नवं ब्लेड घ्या, कडेला चीर असली की पट्टी तिथूनच फाटते. पातळ प्लास्टिक फिल्म ताणून तपासण्याच्या एएसटीएम डी ८८२ या मानकाप्रमाणे निदान पाच पट्ट्या हव्यात.

गाईडची शंकाही तपासाच. पीव्हीए थंड पाण्यात भुरभुरायचं, मग ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवायचं. थेट गरम पाण्यात टाकलं तर पिठल्यासारख्या गुठळ्या होतात. झिंक ऑक्साइड थोड्या पाण्यात वेगळं सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडून) मग मिसळा. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखण्याच्या चाचणीत) ३१.८, ३४.४ आणि ३६.२ अंशांच्या कोनांवर रेषा आल्या म्हणजे ते फिल्ममध्ये आहे एवढंच कळतं. सारखं पसरलंय का, हे सेममध्येच (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातच) दिसेल.

आजच करता येईल असं एक: डब्यातल्या पट्टीचं वजन करा, ती दोन तास टेबलावर ठेवा आणि पुन्हा वजन करा. जुलैतल्या हवेचं किती पाणी तिने घेतलं, ते काट्यावरच दिसेल.