सी-टाइप केबल सारखी तुटते: नवी कोणती घ्यावी, जुनी जोडता येते का, आणि तीन मीटरची घरी बनवता येईल का?

तुम्ही विचारलंय की केबलची मान दर काही महिन्यांनी तुटते, मग नवी घेताना काय बघायचं. जुनी सोल्डर करून वापरली तर चालेल का? प्लग पलंगापासून लांब आहे, तर तीन मीटरची केबल स्वतः बनवता येईल का? आणि शेवटी हेही की नव्या ट्रिमरला सी-टाइपचं भोक आहे, तरी तो फोनच्या चार्जरवर चार्ज का होत नाही. मी मोबाइल दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे या चारही गोष्टी माझ्या टेबलावर रोजच्या आहेत. चौघींच्या मुळाशी बऱ्याच अंशी एकच गोष्ट आहे. केबलमधली लाल आणि काळी तार सगळ्यांना ठाऊक असते, सीसी नावाची बारीक तार, जिच्यावरून किती वीज द्यायची-घ्यायची हे चार्जर आणि फोन ठरवतात, ती मात्र कुणाच्या लक्षात नसते.

आधी केबल खरंच गेली आहे का ते बघा. सी-टाइपचा प्लग पूर्ण आत बसला की हाताला 'टक्' जाणवतं. ते जाणवत नसेल आणि प्लगचा धातू किंचित बाहेर दिसत असेल, तर जॅकच्या तळाशी खिशातलं सूत आणि धूळ दाबून बसलेली आहे. फोन बंद करा आणि लाकडी टूथपिकनं, मधल्या जिभेला धक्का न लावता, कडेकडेनं ती ओढून काढा. सुई किंवा टाचणी घालू नका. त्या जिभेच्या प्रत्येक बाजूला १२ असे एकूण २४ संपर्क असतात आणि वीज आणणारा संपर्क सीसीच्या अगदी शेजारी बसलेला आहे. पावसाळ्यात ओला जॅक तसाच चार्जिंगला लावला की याच शेजाऱ्यांमध्ये हिरवट थर चढतो. मग केबल कितीही बदला, फोन चार्ज होत नाही.

दुसऱ्या केबलनं सगळं नीट चालत असेल तर दोष केबलचाच. तशी सी-टाइपची रचनाच अशी आहे की झिजणाऱ्या स्प्रिंगा प्लगमध्ये ठेवल्या आहेत, फोनमध्ये नाहीत. म्हणजे आधी केबलनंच सैल व्हावं असा हेतू आहे. हा प्लग १०,००० वेळा घालणं-काढणं सोसेल असा मापला जातो. त्यामुळे काही महिन्यांत तुटणारी वस्तू प्लग नसते. कडक मोल्डिंग संपून मऊ तार सुरू होते तिथे रोज वाकून तांब्याचे तंतू एकेक करून तुटतात. पलंगावर पडून, चार्जिंगला लावलेला फोन छातीवर टेकवून वापरत असाल तर महागातली केबलसुद्धा तिथेच तुटेल. तुमच्यासाठी ९० अंशात वळलेल्या प्लगची केबल घ्या. विणलेल्या आवरणाला मी फार महत्त्व देत नाही. ते बाहेरून घासण्यापासून वाचवतं, मानेतलं वाकणं थांबवत नाही. चुंबकानं चिकटणारी टोकं तर नकोच. त्यांचे संपर्क उघडे राहतात, आणि सी-टाइपच्या मानकात ती बसत नाहीत.

आता निवड. खोक्यावरच्या 'फास्ट चार्जिंग' या शब्दांपेक्षा केबलच्या अंगावरची बारीक छपाई वाचा. चांगल्या केबलवर बऱ्याचदा '२८एडब्ल्यूजी/१पी + २४एडब्ल्यूजी/२सी' असं काहीतरी छापलेलं असतं. याचा अर्थ डेटाची एक जोडी २८ गेजची आणि विजेच्या दोन तारा २४ गेजच्या. हा आकडा जितका लहान तितकी तार जाड. २८ गेजची तांब्याची तार मीटरला सुमारे ०.२१ ओहम रोध देते, २४ गेजची ०.०८४ आणि २० गेजची ०.०३३. विजेच्या ताराही २८ च्याच असतील तर ती केबल चार्जिंगसाठी घेऊ नका. छपाईच नसेल तर निदान हातात घेऊन जाडी बघा, जरी त्यात फसगत होऊ शकते. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा बाजारात भरपूर आहेत. ब्लेडनं तंतू खरवडला आणि आतून पांढरा निघाला की समजायचं. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, आणि खरवडलेल्या जागी साधा सोल्डर धरत नाही.

वॅटच्या बाबतीत एवढं पुरे: दोन्ही टोकं सी असलेली साधी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटची असते. ५ अँपिअरच्या, म्हणजे १०० किंवा २४० वॅटच्या केबलीच्या प्लगमध्ये ई-मार्कर नावाची चिप लागते. 'मी ५ अँपिअर पेलू शकते' हे ती चार्जरला सांगते. फोनसाठी बहुतेकांना ६० वॅटची पुरते. ओपो, वनप्लससारख्यांच्या जुन्या फास्ट चार्जिंगमध्ये मात्र व्होल्टेज ५ च्या आसपासच ठेवून ४ अँपिअर आणि त्याहून जास्त करंट दिला जायचा. त्या फोनांना त्यांचीच जाड केबल लावा, इतर केबलीवर ते चार्ज होतील पण सावकाश.

एका टोकाला जुना चौकोनी ए आणि दुसऱ्याला सी अशी केबल मात्र जपून घ्या, कारण इथे सीसीचा खरा संबंध येतो. सी-टाइपचा फोन चार्जरकडून किती करंट ओढायचा हे सीसी तारेवरच्या रेझिस्टरवरून ठरवतो. जुन्या ए पोर्टला सीसी नसतेच. म्हणून अशा केबलीच्या सी प्लगमध्येच वीज आणि सीसी यांच्यामध्ये ५६ किलोओहमचा रेझिस्टर बसवतात. त्याचा अर्थ 'समोर साधा पोर्ट आहे, बेतानं घे'. त्याजागी १० किलोओहम बसवला तर फोनला वाटतं की समोरचा ३ अँपिअर देऊ शकतो. मग जुन्या लॅपटॉपच्या ५०० मिलिअँपिअरच्या पोर्टमधूनही तो तेवढं ओढायला जातो, आणि पोर्ट तापतो किंवा जळतो.

ही नुसती शक्यता नाही. गूगलमधले इंजिनीअर बेन्सन लेउंग यांनी २०१५ मध्ये ॲमेझॉनवरच्या सी-टाइप केबली विकत घेऊन तपासायला आणि एकेकीवर सविस्तर परीक्षण लिहायला सुरुवात केली. चुकीचा रेझिस्टर असलेल्या केबली त्यांना भरपूर सापडल्या. २०१६ च्या फेब्रुवारीत अशाच एका केबलनं त्यांचा लॅपटॉप आणि तपासणीची यंत्रं बाद केली. तिच्यात रेझिस्टर तर चुकीचा होताच, वर वीज आणि ग्राउंडच्या तारा उलट जोडल्या होत्या. आज आपण बिनदिक्कत कुठलीही सी केबल उचलून फोनला लावतो त्यामागे या माणसाच्या चिकाटीचा मोठा वाटा आहे असं मी मानतो.

तुमच्याकडची केबल घरी तपासता येते. सी फीमेलचा ब्रेकआउट बोर्ड, म्हणजे सी जॅकचे संपर्क मोठ्या पॅडवर काढून दिलेली छोटी पट्टी मिळते, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन. केबलचं सी टोक त्यात घाला, ए टोक मोकळं ठेवा, आणि मल्टीमीटरनं व्हीबस (म्हणजे विजेचा पॅड) आणि सीसी यांच्यामधला रोध मोजा. बोर्डावर सीसी १ आणि सीसी २ असे दोन पॅड असतील, प्लग ज्या बाजूनं घातला असेल त्याप्रमाणे त्यांतल्या एकावरच आकडा येईल. ५६ किलोओहमच्या जवळपास आला तर ठीक. १० आला तर ती केबल टाकून द्या, कुणाला देऊही नका.

दुरुस्तीचा निर्णयही इथूनच ठरतो. ए-सी केबल ए टोकाजवळ तुटली असेल तर आनंदानं दुरुस्त करा. रेझिस्टर सी टोकात सुखरूप आहे, तुम्हाला फक्त नवा ए प्लग चार जागी सोल्डर करायचा आहे. क्रम वीज, डेटा वजा, डेटा अधिक, ग्राउंड. रंग अनुक्रमे लाल, पांढरा, हिरवा, काळा. रंगांवर विसंबू नका, स्वस्त केबलीत ते बदललेले असतात. कापलेल्या टोकापासून सी प्लगपर्यंत प्रत्येक तार ब्रेकआउट बोर्डावर मल्टीमीटरच्या बीपनं ओळखा आणि मगच सोल्डर गरम करा. सी टोकाजवळ तुटली असेल तर रेझिस्टर कापलेल्या तुकड्याबरोबर गेला. नवा सी प्लग घेताना त्याच्या इवल्याशा पीसीबीवर (सर्किटच्या पट्टीवर) ५६ के, म्हणजे ५६ किलोओहमचा रेझिस्टर आहे ना ते बघून घ्या. सुट्या मिळणाऱ्या काही प्लगांवर ५.१ के असतो, तो वेगळ्या कामाचा आहे, केबलीत तो चालत नाही.

दोन्ही टोकं सी असलेल्या ३ अँपिअरच्या साध्या केबलीत पाच तारा असतात: वीज, ग्राउंड, डेटाच्या दोन आणि सीसी, जी बहुतेकदा निळी असते. मध्ये कापली गेली तर पाचही जोडा. मी पाहिलेल्या घरगुती जोडण्यांमध्ये लाल आणि काळी व्यवस्थित पिळलेली असते आणि निळी तशीच सोडून दिलेली असते. सीसी जोडली नाही तर चार्जर वीज सोडतच नाही, आणि माणूस समजतो की केबल संपली.

जोडताना प्रत्येक तार वेगळ्या लांबीवर कापा, म्हणजे सांधे एकमेकांसमोर येत नाहीत आणि केबल एका जागी जाड होत नाही. श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) आधी ओवून ठेवा. फ्लक्स लावून सोल्डर करा, नुसती पिळून टेप लावू नका. पिळलेल्या सांध्यात ०.२ ओहम रोध राहिला आणि ३ अँपिअर वाहिले तर त्या चिमूटभर जागेत १.८ वॅट उष्णता तयार होते. टेपचा चीक वितळायला तेवढी पुरते. डेटाची जोडी लागेल तेवढीच सुटी करा आणि पुन्हा पीळ द्या. वरचं फॉइल आणि जाळीही जोडून घ्या.

५ अँपिअरची केबल मात्र जोडू नका. ई-मार्कर असलेलं टोक शाबूत असेल तर तुमचा सांधा कसाही असो, ती चिप चार्जरला ५ अँपिअरच सांगत राहते. तसंच चार्जरच्या आत हात घालू नका, तिथे २३० व्होल्ट आहेत.

आता तीन मीटरची केबल. वीज जाऊन परत येते, म्हणून रोध सहा मीटर तारेचा धरायचा. २८ गेजनं तो सुमारे १.२८ ओहम होतो आणि २ अँपिअरला अडीच व्होल्ट वाटेतच संपतात. ५ व्होल्टच्या चार्जरवर फोनपर्यंत निम्मंच उरेल. फोन व्होल्टेज पडलेलं पाहून करंट कमी करतो, म्हणूनच लांब स्वस्त केबलीवर रात्रभर लावूनही बॅटरी भरत नाही. २४ गेजनं एक व्होल्ट पडतो, २० गेजनं ०.४. सी-टाइपच्या मानकात जाता-येताची मिळून ०.७५ व्होल्ट घट ही पूर्ण करंटची कमाल मर्यादा आहे. तेव्हा बनवायचीच तर विजेच्या दोन तारा २० गेजच्या तांब्याच्या घ्या. तेवढी जाड तार छोट्या सी प्लगच्या पॅडवर नीट बसवणं हेच कामातलं सगळ्यात अवघड, नवख्या हातानं शेजारच्या पॅडला सोल्डर लागतो. चार्जर पीडीचा (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे ५ पेक्षा जास्त व्होल्टही देऊ शकणारा) असेल आणि फोन ९ व्होल्ट घेत असेल तर तेवढ्याच वॅटला करंट कमी लागतो आणि २४ गेजवरही काम भागतं. पण तुमचा प्रश्न प्लग लांब असण्याचा आहे. त्यासाठी मी केबल लांबवणार नाही. आयएसआय शिक्क्याचा चांगला एक्स्टेन्शन बोर्ड पलंगापर्यंत आणा, चार्जर तिथे लावा आणि एक मीटरची केबल वापरा. २३० व्होल्टच्या तारेत तोच वॅट अगदी थोड्या करंटवर जातो, घट जाणवतही नाही.

राहिला ट्रिमर. त्याच्यात बिघाड असण्याची शक्यता कमी. चार्ज होणाऱ्या उपकरणाच्या सी जॅकवर दोन्ही सीसी संपर्कांपासून ग्राउंडला ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टर असावा लागतो. तो दिसला की सी पोर्टचा चार्जर वीज सोडतो. स्वस्त ट्रिमर, टॉर्च, इअरबड्सच्या डब्या यांत हे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. ए पोर्टवर वीज कायम असते, म्हणून ट्रिमर बरोबर आलेल्या ए-सी केबलीवर चालतो आणि सी-सी वर मेल्यासारखा पडून राहतो. जुना ए पोर्टचा चार्जर आणि ती केबल सांभाळून ठेवा, एवढ्यानं तुमचं काम होईल. वॉरंटी संपली असेल आणि हात बसलेला असेल तर आत दोन रेझिस्टर लावून घेता येतात, पण दोन्ही सीसींना वेगवेगळे लावा. एकच रेझिस्टर दोघांना मिळून लावण्याची चूक २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकातही झाली होती. ई-मार्करच्या केबली त्यावर चालेनात, आणि पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त करावी लागली.