'मला घेता का?' विचारण्याआधी

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. मधल्या सुट्टीत एकटाच असतो. दप्तरातून चॉकलेटं नेतो, मुलं ती खातात आणि पळतात. शाळेतल्या समुपदेशक बाई त्याला मैत्री करायला, खेळात मिसळायला शिकवणाऱ्या सहा-सात मुलांच्या गटात घेऊ म्हणतात. सासूबाई म्हणतात, 'पोरगा काय वेडा आहे का?' मलाही भीती वाटते, त्याच्यावर शिक्का बसेल. काय करू?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, बाईंना हो म्हणा. सासूबाईंना सांगा, पाढे येत नसले तर शिकवतोच ना आपण, तसंच हे. मी अठरा वर्षं प्राथमिक शाळांतून असे गट घेतेय. एकट्या मुलाला समोर बसवून 'मित्र कर' म्हटलं तर तो मान डोलावतो आणि मैदानावर पुन्हा खांबाला टेकून उभा राहतो.

माझ्या गटात एक मुलगी होती. लगोरी चालू असली की ही थेट मधे शिरायची, चेंडू उचलून छातीशी धरायची, 'मी टाकणार!' सगळे ओरडायचे. आम्ही वर्गात सात डस्टर एकावर एक रचले, मोज्याचा चेंडू केला आणि फक्त खेळात शिरायचा सराव केला. आधी कडेला उभं राहून बघायचं : लगोरी कोण रचतंय, चेंडू कुणाकडे आहे. चेंडू बाकाखाली गेला की आणून द्यायचा. मग विचारायचं, 'पुढच्या डावाला मला घेता का?' 'नाही' आलं तर काय, याचाही सराव केला, कारण ते येतंच. पाचव्या आठवड्यात तिने चेंडू आणला आणि न मागता दुसऱ्याच्या हातात दिला. मैदानावर तिला आधी लिंबू-टिंबू म्हणून घेतलं. चाललं की! आत तर आली.

शेरी ओडेन आणि स्टीव्हन ॲशर या संशोधकांनी 1977 साली अमेरिकेत तिसरी-चौथीच्या एकट्या पडणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी सांगणं, मग सवंगड्याबरोबर खेळणं, मग काय जमलं यावर बोलणं, अशी त्यांची पद्धत होती. वर्षभरानंतरही त्या मुलांना खेळायला घेण्याची इतरांची तयारी वाढलेली दिसली.

शिक्क्याची तुमची भीती मात्र खरी आहे. बाईंना विचारा, सहज मिसळणारी दोन-तीन मुलंही गटात आहेत ना? नुसती 'अडचणीची' मुलं एकत्र आणलेला गट मला पटत नाही. मारकुटी पोरं तर एकमेकांचंच उचलतात. वर्गात सगळ्यांसमोर नावं पुकारू नका, असंही सांगा. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास, आठ-दहा आठवडे, एवढा वेळ तरी द्यावा लागेल.

चॉकलेटांवरून त्याला रागावू नका. त्याला सुचला तो उपाय त्याने केला. गटात त्याचं कुणाशी जमतंय ते बाईंकडून कळलं की त्या एकाच मुलाला रविवारी घरी बोलवा. एकालाच, कारण तिघं झाले की दोघांची जोडी जमते आणि तिसरा पुन्हा कडेला. दोन तास पुरेत. मोबाइल कपाटात, कॅरम मांडलेला, आणि खाऊ मधेच, दोघांना एकाच ताटलीत.