रिपोर्ट नॉर्मल, मग पोट का दुखतं?

प्रश्न : माझी मुलगी ८ वर्षांची आहे. गेले ५ महिने तिचं पोट दुखतं, फुगतं. आठवड्यातून दोन-तीनदा पातळ शी होते. रक्त-लघवीच्या साध्या तपासण्या आणि सोनोग्राफी नॉर्मल आहे. वर्षभरात उंची जेमतेम ३ सेंटीमीटर वाढली. ओळखीच्यांनी सांगितलं म्हणून महिन्यापूर्वी गहू आणि दूध दोन्ही बंद केलं. थोडा फरक वाटतो, पण दुखणं आहेच. डॉक्टर म्हणतात, शाळेचं टेन्शन असेल. आता काय करू? — एक आई

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची नोंद उंचीची आहे. या वयात मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढतं. ताणामुळे पोट खरंच दुखतं, मूल नाटक करत नसतं. पण नुसत्या ताणाच्या दुखण्यात वाढ सहसा खुंटत नाही. जुन्या सगळ्या वजन-उंचीच्या नोंदी गोळा करा आणि वाढीच्या आलेखावर मांडून घ्या. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर आधी तो आलेख ठेवा. सोनोग्राफीत आतड्याच्या आतल्या अस्तराची झीज दिसत नाही, त्यामुळे ती नॉर्मल आली म्हणून शोध थांबत नाही.

पहिली शंका सिलिअ‍ॅक आजाराची घ्यायला हवी. यात गव्हासारख्या धान्यातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याचं अस्तर झिजतं. त्यासाठी रक्ताच्या दोन तपासण्या एकत्र लागतात : टीटीजी-आयजीए आणि टोटल आयजीए (आयजीए हा अँटिबॉडीचा एक प्रकार). दुसरी बऱ्याचदा राहून जाते. शरीरात आयजीएच कमी असेल, तर आजार असूनही पहिली निगेटिव्ह येते. मग आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या अँटिबॉडीवर आधारलेली तपासणी करावी लागते.

अडचण अशी की गहू बंद केल्यावर या अँटिबॉडी उतरत जातात आणि रिपोर्ट फसवा येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांशी बोलून गहू पुन्हा सुरू करावा लागेल : रोज, एकाहून जास्त जेवणांत, तपासणीआधी किमान ६ आठवडे. त्रास फार वाढला तर वाट न बघता कळवा. तिला त्रास होताना बघून हे जिवावर येईल, पण हा आजार ठरला तर गहू, बार्ली आणि राय (गव्हासारखं एक धान्य) आयुष्यभर सोडायचे असतात. एवढा मोठा निर्णय अंदाजावर घेऊ नका.

दुधाचं वेगळं. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज आतड्याच्या अस्तराच्या टोकांवर असतं. अस्तर झिजलं की दूधही सोसत नाही. म्हणजे तुम्हाला दिसलेला फरक दूध बंद केल्याचाही असू शकतो. दोन्ही एकदम सोडल्यामुळे ते आता सांगता येत नाही. यापुढे एका वेळी एकच बदल करा, २ ते ४ आठवडे बघा आणि मग तो पदार्थ परत देऊन खात्री करा. बाजारात मिळणाऱ्या ‘फूड इनटॉलरन्स’च्या आयजीजी पॅनेलवर पैसे घालवू नका. त्या अँटिबॉडी मूल काय खातं तेवढंच दाखवतात.

शीच्या दोन तपासण्याही मागून घ्या. कॅलप्रोटेक्टिन हे शीतलं एक प्रथिन, ते आतड्याला सूज आहे का ते सांगतं. जिआर्डिया हा जंतू रोज पडत नाही, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं तर वेगवेगळ्या दिवशीचे ३ नमुने द्या. आणखी एक, चड्डीला डाग पडतात का बघा. आत कडक शी साचून तिच्या कडेनं पातळ शी झिरपते, तेव्हा बद्धकोष्ठ असूनही जुलाब वाटतात.

भेटीआधी १४ दिवस वही ठेवा : दुखल्याची वेळ, बोटानं दाखवलेली जागा, खाणं, शी कशी झाली, रात्री दुखण्यानं जाग आली का. बेंबीपासून दूर दुखणं, रात्रीचे जुलाब, तोंड वारंवार येणं, सांधे दुखणं, गुदद्वाराजवळ चीर किंवा गाठ, घटतं वजन, यातलं काही असेल तर ठळक सांगा. हिरवी उलटी, शीत बरंच रक्त किंवा डांबरासारखी काळी शी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : ६ वर्षांच्या मुलाचं कॅलप्रोटेक्टिन १४० आलं. आठवड्यापूर्वी त्याला जुलाब आणि ताप होता, आयब्युप्रोफेन दिलं होतं. लगेच दुर्बिणीची तपासणी करायची का? — एक बाबा

उत्तर : तो तब्येतीनं ठीक असेल तर बहुधा नाही. ४ वर्षांवरच्या मुलात ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमपर्यंत नॉर्मल धरतात, पण नुकताच झालेला संसर्ग आणि आयब्युप्रोफेन दोन्ही हा आकडा चढवतात. डॉक्टरांना विचारून ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा करा आणि तोवर ते औषध टाळा. रक्त पडलं किंवा वजन घटलं, तर मात्र थांबू नका.