नोंदी ‘नीड्स आयडी’वर अडकल्या म्हणजे वाया गेल्या का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: गुहागरजवळच्या गावी पावसाळ्यापासून आयनॅचरलिस्टवर (जिवांचे फोटो टाकून त्यांची ओळख मिळवायचं ॲप) नोंदी टाकताय, निम्म्याहून जास्त ‘नीड्स आयडी’वरच, म्हणजे ‘ओळख बाकी’ या टप्प्यावर, अडकल्यात, ॲपने सुचवलेली नावं लोकांनी खोडून काढली, आणि आता गावच्या माळावर खवले मांजर दिसलंय, तर ते टाकावं की नाही?

अडकलेली नोंद वाया जात नाही. तारीख, जागा आणि फोटो नीट असतील तर ती आणखी काही वर्षांनीही ओळखता येते. एखाद्या गटाचा अभ्यासक एका रात्री बसतो आणि महाराष्ट्रातल्या त्या गटाच्या जुन्या नोंदी धडाधड तपासून जातो, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. ‘रिसर्च ग्रेड’ म्हणजे अभ्यासाला वापरण्याजोगी नोंद. त्यासाठी किमान दोघांनी ओळख द्यावी लागते आणि ओळख देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचं प्रजातीवर एकमत लागतं. आपल्याकडे पक्षी, फुलपाखरं, साप ओळखणारे भरपूर आहेत. माश्या, नाकतोडे, कोळी ओळखणारे फार थोडे, आणि त्यातल्या कित्येकांची प्रजाती फोटोवरून ठरतच नाही. अशा वेळी नोंद कुळावर किंवा प्रजातिसमूहावर थांबली तरी ती बरोबरच आहे. चुकीच्या प्रजातीपेक्षा केव्हाही बरी.

मात्र एक गोष्ट तुमच्या हातात आहे. ओळखीची जागा रिकामी ठेवू नका. नुसतं ‘भुंगेरा’, ‘कोळी’, ‘बेडूक’ एवढं तरी निवडा. ओळखणारी माणसं आपापला गट लावून नोंदी चाळतात, त्यामुळे ‘अननोन’ म्हणून पडलेली नोंद त्यांच्यासमोर येतच नाही. तुमच्या अडकलेल्या नोंदींत अशा बऱ्याच असाव्यात असा माझा अंदाज आहे.

आता ॲपच्या सुचवणीबद्दल. लोकांनी टाकलेल्या फोटोंवरून ते शिकलेलं आहे. ज्या जिवाचे फोटोच कमी आहेत, तिथे ते जवळपास तसा दिसणाऱ्या दुसऱ्याच कुणाचं नाव पुढे करतं. कोकणात पावसाळ्यात याचा हमखास अनुभव येतो तो मातीत राहणाऱ्या लांबट जिवांच्या बाबतीत. वाळा, खापरखवल्या आणि देवगांडूळ या तिघांची फार गल्लत होते. वाळा मोरीत किंवा कुंडीखाली सापडतो. बारीक, चकचकीत, अंगभर सारखे खवले आणि डोळ्यांच्या जागी नुसते ठिपके. खापरखवल्याची शेपटी बघायची: ती तिरकी छाटल्यासारखी बोथट असते, वरचे खवले खरबरीत असतात आणि त्यांना माती चिकटलेली असते. हे दोघेही साप. देवगांडूळ मात्र उभयचर, बेडकांच्या नात्यातला. त्याची कातडी ओलसर, बाहेरून खवले दिसत नाहीत, अंगावर कंकणासारख्या वळ्या असतात, आणि गांडुळाला नसतो तसा स्पष्ट जबडा असतो. तिघांपासून माणसाला काही धोका नाही, तरी विषारी सापाचं पिल्लू समजून दरवर्षी फावड्याखाली जातात याचं फार वाईट वाटतं.

तुमच्या ‘वाळा’ म्हणून टाकलेल्या नोंदीत वरून घेतलेला एकच फोटो आहे. वेटोळं, ओली माती, आणि डोकं पानाखाली. त्यावरून मी ठामपणे काही सांगणार नाही. या जिवांचे तीन फोटो हवेत: डोक्याची एक बाजू अगदी जवळून, शेपटीचं टोक, आणि शेजारी काडी किंवा नाणं ठेवून पूर्ण शरीर. देवगांडुळाच्या प्रजाती वळ्यांच्या संख्येवर आणि डोळा व नाकपुडी यांच्यामधल्या छोट्या स्पर्शिकेच्या जागेवर वेगळ्या करतात, म्हणून डोक्याचा फोटो सगळ्यात मोलाचा. उचलू नका, उभयचरांची त्वचा फार नाजूक असते. पान बाजूला केलं, दोन मिनिटं थांबलं, तरी भागतं. हेच बेडकांचं. झुडपांवरचे छोटे बेडूक दिसायला इतके सारखे की फोटोवर वाद होतात, पण प्रत्येकाचा आवाज वेगळा. फोनवर अर्धा मिनिट आवाज घ्या आणि त्याच नोंदीत जोडा.

एका जिवाचे सगळे फोटो एकाच नोंदीत, दोन वेगळे जीव असतील तर दोन नोंदी. कुंडीतला कढीपत्ता लावलेला आहे, त्यामुळे त्याची नोंद ‘कॅज्युअल’ होणार, म्हणजे रिसर्च ग्रेडपर्यंत जाणार नाही. पण त्यावर आपणहून आलेली फुलपाखराची अळी रानटीच, तिची स्वतंत्र नोंद करा आणि टिपणीत झाडाचं नाव लिहा. अळी कशावर होती हे कळलं की ओळखणाऱ्याचं अर्धं काम होतं.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो टाकू नका. त्यातली जागा आणि मूळ वेळ पुसलेली असते, आणि ॲप भलतीच तारीख धरू शकतं. घाटात रेंज नसेल तर फोटो फोनच्या कॅमेऱ्याने घ्या, घरी येऊन अपलोड करा आणि जागा किती अचूक आहे ते दाखवणारं नकाशावरचं वर्तुळ तपासा. पायथ्याचं गाव आणि वरचा सडा (कातळाचं पठार) सरळ रेषेत चार-पाच किलोमीटरवर असतील, पण तिथले जीव वेगळे. वर्तुळ दहा किलोमीटरचं राहिलं तर त्या नोंदीतून नेमकं तेच कळत नाही.

कुणी ओळख दिली की आभार म्हणून ‘अ‍ॅग्री’ दाबायची पद्धत पडलीय, ती मला मनापासून खटकते. स्वतःला पटलं असेल तरच दाबा. नाहीतर एकाच माणसाचं मत दोघांचं म्हणून मोजलं जातं आणि चुकीची ओळख रिसर्च ग्रेड होऊन जीबीआयएफ या जीवनोंदींच्या जागतिक साठ्यात जाते. अभ्यासक तिथूनच माहिती उचलतात. सेटिंगमध्ये परवानाही एकदा बघून घ्या. ‘सर्व हक्क राखीव’ ठेवलं तर नोंद त्या साठ्यात जात नाही.

उपयोग काय, याचं उत्तर पक्ष्यांच्या बाबतीत दिसलेलं आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा २०२३चा अहवाल ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या याद्यांवर उभा आहे. त्यात ९४२ प्रजातींचा आढावा घेतला आणि १७८ प्रजातींना तातडीने लक्ष द्यायला हवं असं ठरलं. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’च्या लोकांनी २०१७पासून ओहोटीच्या वेळी किनारे फिरून नोंदी केल्या, त्यातून शहराच्या खडकांवर प्रवाळासकट किती जीव नांदतात हे सामान्य माणसांपर्यंत पोचलं. कोकणातल्या गावांच्या नोंदी त्यामानाने फार विरळ आहेत, म्हणून तुमच्या परसातला साधा बेडूकसुद्धा मला महत्त्वाचा वाटतो.

आता खवले मांजर. नोंद करा, पण घाईने नको. संकटग्रस्त प्रजातींची जागा ॲप आपोआप झाकतं. इतरांना वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनातला कुठलातरी बिंदू दिसतो आणि नेमकी तारीखही लपवली जाते. तरीही टिपणीत वाडीचं, देवळाचं किंवा ओढ्याचं नाव लिहिलं, फोटोत पाण्याची टाकी किंवा ओळखीचा कडा आला, की झाकलेलं उघडं पडतं. त्याच फेरीतल्या बाकीच्या नोंदी उघड्या जागेसह लागोपाठ टाकल्या तरीही अंदाज बांधता येतो. म्हणून ही नोंद काही आठवड्यांनी, एकटी टाका. जिओप्रायव्हसी, म्हणजे जागा किती उघड दाखवायची ते सेटिंग, स्वतःही ‘ऑब्स्क्युअर्ड’ (झाकलेली) करून ठेवा. बिळाचा फोटो मुळीच नको. आणि गावच्या ग्रुपवर तर काहीच पाठवू नका, कारण खवल्यांसाठी या प्राण्याची शिकार होते आणि बातमी बहुतेक वेळा गावातूनच फुटते. तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जखमी दिसला, कुणी पकडून ठेवलाय असं कानावर आलं, किंवा अनोळखी माणसं त्याची चौकशी करत फिरताना दिसली, तर ॲप बाजूला ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच फोन करा.