जिवाणूंच्या प्रयोगात इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचं काय काम?

प्रश्न : जिवाणूत हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक घालायचा प्रकल्प आम्ही चौघांनी घेतलाय. दोघी सूक्ष्मजीवशास्त्राच्या, एक इलेक्ट्रॉनिक्सचा, एक गणिताचा. सर म्हणतात, बाकीचे दोघे कशाला? — एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : त्या दोघांवाचून 'चमकलं' एवढंच कळेल; किती चमकलं ते कळणार नाही. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने 470 नॅनोमीटरचा निळा एलईडी लावावा, प्रकाशसंवेदक त्याच्याशी काटकोनात, पुढे 500च्या खालचा प्रकाश अडवणारा फिल्टर. संवेदक समोरासमोर बसवला तर एलईडीचाच उजेड मोजला जातो. गणितवाल्याने दर अर्ध्या तासाला 600 नॅनोमीटरवरची गढूळता (म्हणजे जिवाणू किती वाढले त्याचं माप) घेऊन चमकेला तिने भागावं. नाहीतर चमक वाढली ती जिवाणू वाढले म्हणून की जनुक जोरात चाललं म्हणून, हे ठरवता येत नाही. प्रकल्पाचा जीव इथेच आहे.

तुमची बाजू : जिवाणूंच्या पेशी आणि प्लास्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं छोटं वर्तुळ) बर्फात 30 मिनिटं, 42 अंशांवर 45 सेकंद, पुन्हा बर्फात 2 मिनिटं. आगर (जिवाणू वाढवायचं जेलीसारखं माध्यम) 50 अंशांपर्यंत निवल्यावरच अ‍ॅम्पिसिलिन (प्लास्मिड नसलेल्या जिवाणूंना वाढू न देणारं प्रतिजैविक) घाला, मिलीलिटरला 100 मायक्रोग्रॅम. गरम आगरात ते निकामी होतं आणि प्लेटभर काहीही उगवतं. म्हणून प्लास्मिड न घातलेल्या पेशींची एक प्लेट तुलनेला ठेवाच; तिच्यावर काही उगवता कामा नये. प्लेटा 16-18 तासांत बाहेर काढा. उशिरा मोठ्या वसाहतीभोवती बारीक ठिपके येतात, ते उचलू नका; मोठीने आसपासचं औषध मोडलेलं असतं, ठिपक्यांत बहुधा प्लास्मिड नसतं.

जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी घ्या. कॉलेजात समिती नसेल तर बेळगावात जिथे असेल तिथे प्रयोग करा. वापरलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय टाकू नका.