वरच्या आरपीएमला इंजिन फडफडतंय, व्हॉल्व्ह स्प्रिंग घरीच बदलू का?

प्रश्न : माझी जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे, 4 सिलिंडर, डबल कॅम, 16 व्हॉल्व्ह, बकेट टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधल्या वाट्या). 1,40,000 किलोमीटर झालेत. खाली एकदम मस्त चालते पण 6,500 च्या वर गेलं की फडफड सुरू होते आणि पिकअप संपतो. रेडलाइन 7,200 ची आहे. प्लग, कॉइल नवीन टाकून झालं, फरक शून्य. मेकॅनिक म्हणतो व्हॉल्व्हच्या स्प्रिंग खचल्यात, हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवावं लागेल. हेड न उतरवता घरी जमेल का? टायमिंग बेल्ट मी स्वतः 2 वेळा बदललाय. अजून एक, मागे ट्रॅकवर चौथ्यातून पाचवा टाकताना चुकून तिसरा पडला होता आणि इंजिन किंचाळलं होतं, फडफड त्याच्यानंतरच लक्षात आली.

उत्तर : जमेल, बेल्ट स्वतः बदललाय म्हणजे अर्धं काम तुम्हाला येतंच. पण तुम्ही जे सगळ्यात शेवटी लिहिलंय ते मी सगळ्यात आधी घेणार. रेव्ह लिमिटर (इंजिनाला रेडलाइनच्या वर जाऊ न देणारी सोय) फक्त पेट्रोल नाहीतर स्पार्क तोडतो, चुकून खालचा गियर पडला की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि तिथे लिमिटरचं काही चालत नाही, त्या क्षणी व्हॉल्व्ह पिस्टनला हलकासा टेकून वाकलेला असू शकतो. वाकलेल्या व्हॉल्व्हवर नवी स्प्रिंग टाकून काहीच उपयोग नाही. म्हणून काही खोलायच्या आधी एकेक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि पिस्टन एकदम वर असतो ती जागा) आणा, प्लगच्या भोकात अ‍ॅडॉप्टर लावून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि कान द्या. सायलेन्सरमधून फुस्स आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आला तर इनटेक, ऑइल भरायच्या झाकणातून आला तर पिस्टनच्या रिंग. रिंगमधून थोडी हवा जातेच, त्याला घाबरू नका, पण व्हॉल्व्हमधून स्पष्ट आवाज येत असेल तर इथेच थांबा, मग मेकॅनिकचंच बरोबर, हेड उतरवायलाच लागेल.

आता दोष खरंच स्प्रिंगचा आहे का ते. 7,000 आरपीएमला कॅम 3,500 फिरतो, म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला जवळपास 58 वेळा उघडतो आणि मिटतो, आणि कॅम फक्त उघडतो, मिटवायचं काम एकट्या स्प्रिंगचं. ती दमली की व्हॉल्व्ह कॅमच्या मागे वेळेत येत नाही, तरंगतो, सीटवर आपटून परत उडतो. हे इंजिनाच्या स्पीडवर ठरतं, त्यामुळे दुसऱ्यात काय नि तिसऱ्यात काय, फडफड त्याच आकड्याच्या आसपास येते. याउलट कॉइल कमजोर असेल तर लोडवर जास्त मिस मारते आणि पेट्रोलचं प्रेशर पडत असेल तर फुल थ्रॉटलला. तुमचा आकडा गियर बदलला तरी 6,500 च राहतोय का ते आधी पक्कं करा.

ठरलं की बेल्ट काढा, कॅमच्या कॅपचे बोल्ट मॅन्युअलच्या क्रमाने थोडे थोडे सैल करा, एक बोल्ट पूर्ण काढून दुसऱ्याकडे गेलात तर कॅम तिरका होऊन मोडू शकतो. कॅप आणि बकेट ज्या जागेच्या त्याच जागी परत गेल्या पाहिजेत, खुणा करून ठेवा. दोन्ही कॅम बाहेर आले की 16 च्या 16 व्हॉल्व्ह बंद, त्यामुळे आता क्रँक (पिस्टन वर-खाली करणारा खालचा दांडा) बिनधास्त फिरवता येतो. 1 आणि 4 एकदम वर येतात, ते दोन करून घ्या, मग अर्धा फेरा देऊन 2 आणि 3. पिस्टन वर असताना काम करायचं याचं कारण एकच, समजा व्हॉल्व्ह निसटलाच तर तो पिस्टनवर जाऊन टेकेल, सिलिंडरमध्ये पडणार नाही.

व्हॉल्व्ह वर धरून ठेवायला दोन रस्ते आहेत, हवा किंवा दोरी. हवेने 6 ते 7 बार पुरतात, पण पिस्टन जरा जरी टीडीसीवरून हटलेला असेल तर हवा क्रँकला झटक्यात फिरवते, म्हणून गाडी गियरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि हवा सोडायच्या आधी क्रँकवरचा पाना काढलाय ना ते बघा, हे विसरलात तर हात मोडेल. मला स्वतःला दोरी जास्त आवडते. पिस्टन थोडा खाली ठेवून प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडायची, एक टोक बाहेर ठेवायचं आणि क्रँक हाताने फिरवत दोरी व्हॉल्व्हखाली घट्ट दाबायची. लाइट गेली, पाइप निघाला, काही झालं तरी व्हॉल्व्ह जागचा हलत नाही.

तुमच्या इंजिनात स्प्रिंग बकेटच्या खोल भोकात बसलेली असते, तिथे साधा सी आकाराचा कॉम्प्रेसर कामाचा नाही, हेडवर बोल्टने बसणारा आणि निमुळत्या पायाचा लागतो. दाबायच्या आधी रिटेनरवर (स्प्रिंगच्या डोक्यावरची चकती) सॉकेट ठेवून हातोडीने एक हलका ठोका द्या, वर्षानुवर्षं चिकटलेले कॉटर, म्हणजे रिटेनरला व्हॉल्व्हच्या दांड्यावर अडकवणारे छोटे तुकडे, सुटतात (हा ठोका दोरी असतानाच, हवेवर ठोकलं तर व्हॉल्व्ह सीटवरून उठू शकतो). मग दाबा, कॉटर मॅग्नेटने उचला. ऑइल खाली जायची सगळी भोकं आधी फडक्याने बंद करा आणि फडकी मोजून ठेवा. माझ्या हातून एकदा एक कॉटर उडाला होता, तांदळाच्या दाण्याहून जरासाच मोठा तुकडा, अख्खी संध्याकाळ शोधला आणि सापडला तो चेनच्या पोकळीच्या तोंडाशी, फडक्याच्या घडीत. फडकं नसतं तर सगळं इंजिन खाली उतरवायला लागलं असतं.

स्प्रिंग निघाली की व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं ऑइल सील पण नवंच टाका, इनटेक आणि एक्झॉस्टचे सील बऱ्याचदा वेगळे असतात. नव्या स्प्रिंगचे वेढे एका टोकाला दाट असतील तर दाट बाजू खाली, हेडकडे. पक्कडीने धरू नका, वरचा एक ओरखडा पुढे तडा होतो. आणि स्प्रिंग बसल्यावरची उंची मोजा, खालच्या सीटपासून रिटेनरच्या खालच्या बाजूपर्यंत, ती मॅन्युअलपेक्षा जास्त निघाली तर नव्या स्प्रिंगचाही दाब कमीच पडतो, तिथे शिम (पातळ चकती) लागते. कॉटर बसवताना व्हॉल्व्हच्या खाचेत ग्रीस लावलं की ते चिकटून राहतात. नंतर दांड्याच्या टोकावर प्लास्टिकच्या हातोडीने एक टकटक, डोळ्यावर गॉगल ठेवूनच, नीट न बसलेला कॉटर तेव्हाच उडतो, चालत्या इंजिनात नाही.

कॅम परत बसवताना क्रँक नेमका कुठे ठेवायचा हे इंजिनागणिक वेगळं असतं, मॅन्युअल समोर ठेवा. बसल्यावर फिलर गेजने सगळी क्लिअरन्स (कॅम आणि बकेटमधली फट) मोजा आणि बेल्ट चढवल्यावर, स्टार्टर मारायच्या आधी क्रँक पान्याने पूर्ण 2 फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, मागे घ्या.

प्रश्न : 16 पैकी एकच स्प्रिंग तुटलेली निघाली तर एकच बदलली तर चालेल का? आणि रेसवाल्या कडक स्प्रिंग टाकल्या तर पॉवर वाढेल का?

उत्तर : सगळ्या बदला. बाकीच्यांनी तेवढंच अंतर आणि तेवढीच गरमी खाल्लीय. जुन्या स्प्रिंग काचेवर ओळीत उभ्या करून वर पट्टी ठेवा, कुठली खचलीय ते पट्टीखालच्या फटीतून लगेच दिसतं, पण उंची सारखी दिसली म्हणजे दाबही सारखा असं समजू नका, दाब टेस्टरवरच कळतो. आणि कमी चाललेल्या गाडीतही स्प्रिंग तुटू शकते, 2018 मध्ये सुबारूने बीआरझेड आणि टोयोटा 86 सकट लाखो गाड्या याच एका कारणासाठी परत बोलावल्या होत्या. तुटलेली सापडली तर गाडी चालवत घरी आणू नका, टो करा.

कडक स्प्रिंगने पॉवर वाढत नाही. कॅम मोठा टाकलाय, रेडलाइन वर नेलीय किंवा टर्बोचं प्रेशर इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर ढकलतंय, अशा वेळी ती लागते. नाहीतर कॅमचे लोब (व्हॉल्व्ह दाबणारे उंचवटे) आणि बकेट उगाच घासतात. लावायचीच असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, साधारण दीड मिलिमीटर मोकळे राहतात ना, आणि रिटेनर सीलवर आपटत नाही ना, हे हाताने फिरवून बघितल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.