फाइल धडधाकट, मग चित्र का बिघडतं? : वाचकांचे एडिटिंगचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत लग्नं आणि सप्ताह यांचंच काम जास्त आहे. बहुतेकांचा प्रश्न एकाच वळणाचा: टाइमलाइन (एडिटिंगमधली क्लिपांची रांग) चालवताना चित्र बिघडतंय, काय बदलू? आमचं सांगणं असं की, आधी काहीच बदलू नका. बिघाड मूळ फाइलमध्ये आहे, फाइल उलगडणाऱ्या यंत्रणेत आहे की नुसता मॉनिटरवर दिसतोय, हे पक्कं करा. काम पाच मिनिटांचं आहे आणि त्यात कित्येकदा हजारोंचा खर्च वाचतो.

प्रश्न (लातूर): प्रीमिअर प्रो या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लग्नाचा व्हिडिओ करतोय. आठवड्यापासून टाइमलाइन चालवली की मधूनच हिरवी फ्रेम चमकते, कधी अर्ध्या चित्रावर गुलाबी पट्टे येतात. तीच क्लिप मोबाइलवर नीट चालते. एक्स्पोर्ट केलेल्या, म्हणजे तयार होऊन बाहेर काढलेल्या, फाइलमध्ये हिरवी फ्रेम कधी येते, कधी नाही. ग्राफिक्स कार्ड बदलावं का?

उत्तर: एवढ्यात नको. जिथे हिरवं दिसलं तिथेच थांबा. डाव्या बाणाच्या कळीने एक फ्रेम मागे जा, उजव्या बाणाने परत या. हिरवं गेलं असेल तर फाइल ठीक आहे, ती उलगडताना, म्हणजे डिकोडिंगमध्ये, चूक होतेय. दर वेळी त्याच फ्रेमवर तोच डाग येत असेल आणि व्हीएलसी प्लेअरमध्येही तिथेच दिसत असेल, तर क्लिप कॉपी होताना बिघडली आहे. मेमरी कार्डावरून ती पुन्हा घ्या. काम पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, हातात पडेपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नये, ते याचसाठी. तुमची क्लिप मोबाइलवर नीट चालते, म्हणजे संशय डिकोडिंगवरच जातो.

रंग हिरवाच का, हे समजलं की उपायही सुचतो. व्हिडिओत लाल-हिरवा-निळा असे थेट रंग साठवलेले नसतात. एक आकडा उजेडाचा आणि दोन आकडे रंगातल्या फरकाचे असतात. 8 बिटमध्ये या फरकाच्या आकड्यांचा ‘रंग नाही’ हा बिंदू 128 वर असतो, शून्यावर नाही. डिकोडरने फ्रेम रिकामीच सोडली, तर तिन्ही आकडे शून्य राहतात आणि शून्य-शून्य-शून्यचं रूपांतर काळ्यात न होता हिरव्यात होतं. थोडक्यात, हिरवी फ्रेम म्हणजे पोचलीच नाही ती फ्रेम.

आता क्रमाने करा. ‘एडिट’ मेनूतल्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘मीडिया’ उघडा, हार्डवेअर डिकोडिंगची खूण काढा आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. हिरवं थांबलं तर चोर सापडला. मशीनमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया अशा दोन्ही ग्राफिक्स चिप असतील आणि तुमच्या आवृत्तीत दोन वेगळ्या खुणा दिसत असतील, तर एकेक काढून बघा. नेमकं कोण चुकतंय ते कळेल आणि दुसऱ्याचा वेग हातचा जाणार नाही.

मग ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. ‘आठवड्यापासून’ हा तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द आहे. विंडोज अपडेटबरोबर ड्रायव्हर बदललेला असू शकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ची कळ चालू दिसली तर आधी मागे जाऊन बघा. तसं नसेल तर एनव्हिडियाचा गेम रेडी नव्हे, स्टुडिओ ड्रायव्हर घ्या आणि इन्स्टॉल करताना ‘कस्टम’मध्ये जाऊन ‘क्लीन इन्स्टॉलेशन’वर खूण करा. त्यानंतर ‘प्रेफरन्सेस’मधल्या ‘मीडिया कॅश’मधून जुनी कॅश (सॉफ्टवेअरने साठवलेल्या तात्पुरत्या फाइली) पुसा. मूळ फुटेजला धक्का लागत नाही. पहिल्यांदा प्रोजेक्ट उघडायला थोडा वेळ लागेल इतकंच.

एक्स्पोर्टमध्ये हिरवं कधी येतं, कधी नाही, याचं कारण बहुधा वेगळंच आहे. तुम्ही टाइमलाइन रेंडर केलीत (पाहण्यासाठी आधीच तयार करून ठेवलीत) तेव्हा एखादी हिरवी फ्रेम प्रिव्ह्यू फाइलमध्ये कायमची बसली. एक्स्पोर्ट करताना ‘यूज प्रिव्ह्यूज’वर खूण असली की तीच फ्रेम अंतिम फाइलमध्ये जाते. ‘सीक्वेन्स’ मेनूतून ‘डिलीट रेंडर फाइल्स’ करा, ती खूण काढा, मगच एक्स्पोर्ट करा. ड्रायव्हर दुरुस्त करूनही ही पायरी राहिली, तर सप्तपदीच्या मधोमध हिरवी फ्रेम घेऊन पेन ड्राइव्ह पार्टीच्या घरी जातो.

प्रश्न (परभणी): सप्ताहातलं कीर्तन तीन कॅमेऱ्यांनी घेतलं, 4के, प्रत्येकी 100 एमबीपीएस (सेकंदाला 100 मेगाबिट). फुटेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहे. मल्टिकॅम (तिन्ही कॅमेरे एकत्र) चालवलं की आवाज सुरळीत, चित्र मात्र अडकतं. दुपारी जास्तच. लॅपटॉप आय-5, रॅम 16 जीबी. रॅम वाढवू का?

उत्तर: रॅमच्या आधी हिशेब करू. 100 मेगाबिट म्हणजे 12.5 मेगाबाइट. तीन कॅमेऱ्यांचे सेकंदाला 37.5 मेगाबाइट झाले. यूएसबी 2.0 कागदावर 480 मेगाबिट देत असला, तरी हाती 30 ते 35 मेगाबाइटच पडतात. डिस्क त्या पोर्टात असेल तर रॅम कितीही वाढवा, चित्र अडकणारच. आत निळी पट्टी किंवा ‘एसएस’ खूण असलेल्या पोर्टात ती लावा आणि केबलही यूएसबी 3.0 चीच घ्या. शिवाय फिरत्या डिस्कचा हेड तीन फाइलींमध्ये सतत उड्या मारतो, त्यात वेग आणखी पडतो. चालू कामापुरती तरी एसएसडी वापरा.

आवाज सुरळीत राहतो, कारण सॉफ्टवेअर आवाजाची लय सांभाळतं आणि त्यासाठी चित्राच्या फ्रेम सोडून देतं. प्रोग्राम मॉनिटरच्या पान्याच्या चिन्हाखाली ‘शो ड्रॉप्ड फ्रेम इंडिकेटर’ चालू करा. फ्रेम सुटायला लागल्या की हिरव्या ठिपक्याचा पिवळा होतो.

दुसरं ओझं डिकोडिंगचं. एच.264 या व्हिडिओ साठवण्याच्या पद्धतीत पूर्ण चित्र मधूनमधूनच असतं. बाकीच्या फ्रेममध्ये फक्त बदल साठवलेला असतो. एक फ्रेम दाखवायची तर आसपासच्या कित्येक उलगडाव्या लागतात, आणि तुमच्याकडे हे तीन वेळा चाललंय. यावर खरा इलाज प्रॉक्सी, म्हणजे मूळ क्लिपच्या हलक्या नकला. प्रोजेक्ट पॅनेलमध्ये क्लिप निवडा, राइट क्लिक करून ‘प्रॉक्सी’मधून ‘क्रिएट प्रॉक्सीज’ घ्या, क्विकटाइम आणि प्रोरेसचा हलका प्रिसेट निवडा. रात्री लावून ठेवा. प्रोग्राम मॉनिटरखालच्या अधिकच्या चिन्हातून ‘टॉगल प्रॉक्सीज’ची कळ खाली ओढून घ्या, ती निळी असताना हलक्या फाइली चालतात. एक्स्पोर्ट मूळ फुटेजवरूनच होतं. नाव मात्र कुठल्याच फाइलचं बदलू नका.

दुपारचं कोडं उन्हाचं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो. लॅपटॉपची चिप 95-100 अंशांच्या आसपास पोचली की स्वतःला वाचवायला वेग उतरवते. टाइमलाइन चालू ठेवून टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा ‘स्पीड’ बघा: सुरुवातीला साडेतीन-चार गिगाहर्ट्‌झ आणि दहा मिनिटांत दोनच्या खाली, तर हेच कारण. पंख्यातली धूळ काढा, मागची बाजू दोन बोटं उंच ठेवा. कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर घेऊ नका, त्यात पाण्याचे कण असतात. आणि लाइट गेल्यावर बॅटरीवर मल्टिकॅम चालवून निष्कर्ष काढू नका. बॅटरीवर ग्राफिक्सची ताकद लॅपटॉप आपणहून कमी करतो.

प्रश्न (नांदेड): मंडपातल्या एका कॅमेऱ्याच्या फुटेजवर आडव्या काळपट पट्ट्या सरकतात. कॅमेरा 60 फ्रेमवर होता. मॉनिटर बिघडलाय का?

उत्तर: मॉनिटर चांगला आहे, पट्ट्या फुटेजमध्येच आहेत. आपली वीज 50 हर्ट्‌झची, त्यामुळे स्वस्त एलईडी फोकस आणि जुन्या ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. 60 फ्रेम आणि 1/60 सेकंदाचं शटर त्यांच्याशी जुळत नाही. पुढच्या वेळी 25 किंवा 50 फ्रेम ठेवा, शटर 1/50 किंवा 1/100.

हातातलं फुटेज बरंचसं वाचतं. सेकंदाला 60 फ्रेम आणि 100 लुकलुकी, म्हणजे 3 फ्रेममध्ये 5. पट्ट्यांचा नमुना दर तीन फ्रेमनी पुन्हा तोच येतो. 60 फ्रेमच्याच सीक्वेन्समध्ये तीच क्लिप तीन ट्रॅकवर ठेवा. दुसरी एक फ्रेम पुढे, तिसरी दोन फ्रेम. ओपॅसिटी (अपारदर्शकता) खालून वर 100, 50, 33 टक्के. तिघींची सरासरी होऊन पट्ट्या विरतात. हलत्या दृश्यात सावल्या दिसतील, म्हणून हे फक्त स्टेजच्या स्थिर शॉटला करा. मंडप जनरेटरवर असेल तर फ्रिक्वेन्सी डळमळते, तेव्हा थोडा माग राहील.

प्रश्न (धाराशिव): टायटलमध्ये ‘चि. सौ. कां.’ ठीक येतं, पण ‘श्री’, ‘र्‍हस्व’, ‘विवाह’ अशा शब्दांत जोडाक्षरं आणि वेलांट्या तुटतात.

उत्तर: प्रीमिअरच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘ग्राफिक्स’खाली टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा. जुना टेक्स्ट लेयर तसाच राहिला तर नवा घेऊन मजकूर पुन्हा टाका. फॉन्ट युनिकोडच हवा. पत्रिकेचा मजकूर छापखान्यातून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आला असेल तर तो आधी कन्व्हर्टरमधून काढा. त्यानंतर वधू-वरांची नावं मूळ पत्रिकेशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहा, रूपांतरात रफार हमखास हलतो.